पॅनलमधला अर्धा सेकंद

गाळप हंगाम संपला की साखर कारखान्यांत दुरुस्तीचे दिवस सुरू होतात. मिलचे रोलर उतरतात, बॉयलरच्या नळ्या तपासल्या जातात, टर्बाइन उघडते. इलेक्ट्रिकल विभाग मोटारी रिवाइंडिंगला पाठवतो आणि पॅनलची दारे उघडून आतली धूळ काढतो. जुन्नर तालुक्यातला विघ्नहर आणि आंबेगाव तालुक्यातला पारगावचा भीमाशंकर हे दोन्ही सहकारी कारखाने साखरेबरोबर वीजही तयार करतात. अशा कारखान्यातले पॅनल म्हणजे नुसती वीज वाटणारी कपाटे नव्हेत. तिथे एका बाजूने जनित्र आणि दुसऱ्या बाजूने ग्रिड अशी दोन्हीकडची ताकद एकाच बसबारवर येऊन मिळते.

हा लेख या दुरुस्तीच्या दिवसांत हाताशी असावा म्हणून लिहितो आहे. तो साखर कारखान्यांपुरता मात्र नाही. लेण्याद्रीच्या पायथ्यापासून ओतूर, आळेफाटा, नारायणगाव, मंचरपर्यंत जी ३३/११ केव्ही उपकेंद्रे आहेत, जी शीतगृहे, दूध शीतकरण केंद्रे आणि पाणी योजनांची पंपगृहे आहेत, तिथेही माणूस रोज पॅनलसमोर उभा राहून ब्रेकर लावतो आणि काढतो. त्या माणसाच्या छातीपासून बसबारचे अंतर जेमतेम हातभर असते, आणि मधे असतो तो एक पत्रा.

आर्क फ्लॅशला आपल्याकडचे वायरमन सरळ ‘फ्लॅश झाला’ किंवा ‘पॅनल फुटला’ म्हणतात. दोन फेजमध्ये, किंवा फेज आणि पत्र्यामध्ये, हवा इन्सुलेशनचे काम सोडून देते आणि विजेला वाट करून देते. त्या वाटेचे तापमान वीस हजार अंश सेल्सिअसच्या आसपास जाऊ शकते. सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंशांचा असतो. इतक्या उष्णतेत तांबे वितळून थांबत नाही, त्याची वाफ होते, आणि वाफ होताना ते मूळ घनफळाच्या सुमारे ६७ हजार पट पसरते. दार उखडून फेकणारा स्फोट होतो तो यामुळे. समोरच्या माणसाला शॉक बसलेला नसतो, त्याने कशाला हातही लावलेला नसतो. तरीही तो भाजतो, डोळे आणि कान गमावतो, तांब्याच्या तप्त थेंबांनी जखमी होतो. राल्फ ली या अमेरिकन अभियंत्याने १९८२ मध्ये या धोक्याचे गणित प्रथम नीट मांडले. विजेचा दुसरा धोका, असेच त्याने त्याला म्हटले. पहिला धोका शॉकचा. आपल्याकडची बहुतेक सुरक्षा प्रशिक्षणे अजून त्या पहिल्या धोक्याशीच थांबतात.

कारणे बहुतेक वेळा किरकोळ असतात. थंडीत उबेला आलेली पाल बसबारवर चढते. केबल ट्रेंचचे भोक बुजवायचे राहते आणि तिथून उंदीर किंवा साप आत येतो. पावसाळ्यात पश्चिम पट्ट्यातली हवा आठवडेच्या आठवडे ओली असते आणि पॅनलमधला स्पेस हीटर कधीच जळून गेलेला असतो. कारखान्यात बगॅसची बारीक भुकटी इन्सुलेटरवर बसते आणि ओल धरते. केबलचे लग नीट क्रिम्प झालेले नसते, बोल्ट ढिला असतो. दुरुस्तीनंतर पाना आत राहून जातो. आणि सर्वांत वाईट म्हणजे, ब्रेकरची ट्रॉली रॅक-इन करताना संपर्काची बोटे नीट बसत नाहीत. वाईट अशासाठी, की त्या क्षणी माणूस नेमका समोर असतो.

वेळ कुठे जातो

भाजणे किती, हे मुख्यतः तीन गोष्टींवर ठरते: प्रवाह किती, माणूस किती अंतरावर आणि ठिणगी किती वेळ पेटलेली राहिली. पहिल्या दोन गोष्टी फारशा आपल्या हातात नसतात. ट्रान्सफॉर्मर आहे तो आहे, आणि काम करायचे तर माणूस पॅनलजवळ जाणारच. तिसरी गोष्ट मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे. ऊर्जा वेळेच्या सरळ प्रमाणात वाढते. वेळ सातपट कमी केला की ऊर्जाही सातपट कमी.

एक साधा हिशेब करून पाहू. उपकेंद्रात ३३/११ केव्हीचा ५ एमव्हीए ट्रान्सफॉर्मर आहे. ११ केव्ही बाजूला त्याचा पूर्ण भाराचा प्रवाह सुमारे २६२ अँपिअर. इंपिडन्स ७.१५ टक्के धरला तर बसबारवरच्या शॉर्टसर्किटमध्ये जास्तीत जास्त ३,७०० अँपिअरच्या आसपास प्रवाह येईल. इनकमरचा ओव्हरकरंट रिले ३०० अँपिअरवर, टाइम मल्टिप्लायर ०.१५ आणि नेहमीचा इन्व्हर्स कर्व्ह असा लावला असेल, तर तो ट्रिपचा हुकूम द्यायला सुमारे ०.४१ सेकंद घेईल. त्यात व्हीसीबी उघडायचे ५० ते ६० मिलिसेकंद मिळवा. झाले जवळजवळ अर्धा सेकंद.

रिले जाणूनबुजून थांबतो, आणि त्याचे थांबणे चूक नाही. गावातला वाद आधी घरात मिटवायचा, मग भावकीत, आणि तिथेही मिटला नाही तरच पंचायतीत न्यायचा, तसे हे आहे. शेतातल्या फीडरवर दोष आला तर फीडरचाच ब्रेकर पडावा, सगळ्या गावांची वीज जाऊ नये, म्हणून इनकमर थोडा वेळ वाट पाहतो. पण दोष फीडरवर नसून पॅनलच्या आत बसबारवरच असेल, तर ज्याची वाट पाहायची असा खालचा ब्रेकर उरलेलाच नसतो. तरीही रिले थांबतो, कारण प्रवाहाच्या आकड्यावरून दोष आत आहे की बाहेर हे त्याला कळत नाही.

हा अर्धा सेकंद म्हणजे किती, याचा एक ठोकताळा या क्षेत्रात सर्वत्र वापरला जातो. ठिणगी ३५ मिलिसेकंदांच्या आत विझली तर माणूस आणि पॅनल दोघेही बहुधा वाचतात. इन्सुलेशन तपासून पॅनल पुन्हा चालू करता येतो. १०० मिलिसेकंदांत विझली तर साफसफाई आणि थोडी दुरुस्ती लागते. त्यानंतर केबलचे आवरण पेटते, १५० च्या सुमारास तांबे जळू लागते, २०० च्या सुमारास लोखंड. ५०० मिलिसेकंदांनंतर वाचवण्यासारखे काही राहत नाही.

४१५ व्होल्टच्या बाजूला हे चित्र आणखी बिकट होते, आणि तिथेच आपण सर्वांत निर्धास्त असतो. १,००० केव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरवर, ५ टक्के इंपिडन्स धरून, निव्वळ शॉर्टसर्किटचा प्रवाह २६ हजार अँपिअरच्या पुढे जातो. पण ठिणगीतून वाहणारा प्रवाह तेवढा नसतो. हवेतल्या ठिणगीलाच स्वतःचा विरोध असतो, त्यामुळे कमी दाबाच्या पॅनलमध्ये तो निम्म्यावरही येऊ शकतो. १,६०० अँपिअरच्या एसीबीचे शॉर्ट टाइम सेटिंग दहापट, म्हणजे १६ हजारांवर ठेवलेले असेल आणि ठिणगी १३ हजारांवर जळत असेल, तर एसीबीच्या लेखी ती एक मोठी ओव्हरलोड आहे. मग तो कित्येक सेकंद थांबतो. शीतगृहाच्या किंवा पंपगृहाच्या मेन पॅनलमध्ये हीच स्थिती सर्रास असते. म्हणून ‘आमच्याकडे हाय टेन्शन नाही’ हे उत्तर इथे चालत नाही.

उजेड पाहणारा रिले

ठिणगी पेटल्याबरोबर, पहिल्या मिलिसेकंदातच, डोळे दिपवणारा प्रकाश पडतो. बंद पॅनलच्या अंधारात इतका प्रकाश दुसऱ्या कशाने पडत नाही. दोष आत आहे की बाहेर, हे प्रवाहाला सांगता येत नव्हते ते प्रकाश सांगतो. प्रकाश आत दिसला म्हणजे दोष आतच आहे, आता कोणाची वाट पाहायची नाही. ऑप्टिकल आर्क संरक्षणाची सगळी मांडणी या एका गोष्टीवर उभी आहे. फिनलंडमधल्या वासा शहरातल्या रिले कंपन्यांनी या तंत्रावर पुष्कळ काम केले आणि आज बहुतेक मोठे उत्पादक असे रिले देतात.

सेन्सर दोन प्रकारचे मिळतात. पहिला पॉइंट सेन्सर, म्हणजे छोटे भिंग. ते एका कप्प्यात बसते आणि त्या कप्प्यापुरते पाहते. दुसरा फायबरचा, ज्याची काचेची किंवा प्लास्टिकची तार सगळ्या लांबीवर कडेने प्रकाश टिपते. ही तार बसबार चेंबरमधून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून परत रिलेकडे आणतात. सेन्सर साधारण ८ ते १० हजार लक्सच्या पुढे प्रकाश गेला की खबर देतात. रिलेचा सेमीकंडक्टर आउटपुट एक-दोन मिलिसेकंदांत ट्रिपचा हुकूम देऊ शकतो, मेकॅनिकल कॉन्टॅक्ट असेल तर सात मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. वरच्या उदाहरणात हे आकडे घालून पाहा. रिलेचे ७ आणि ब्रेकरचे ६० मिळून सुमारे ७० मिलिसेकंद होतात. आधी ४७० होते.

नुसत्या प्रकाशावर ट्रिप द्यायचा का, हा पुढचा प्रश्न. कोणी दार उघडले आणि थेट ऊन आत गेले तर? उन्हाचा प्रकाश लाखभर लक्सपर्यंत असतो. शेजारी वेल्डिंग चालू आहे, कोणी मोबाइलने फ्लॅश मारून फोटो काढला, अशी कारणेही आहेत. म्हणून सर्वसाधारण रीत अशी, की प्रकाश आणि वाढलेला प्रवाह या दोन्ही खुणा एकत्र दिसल्या तरच ब्रेकर पाडायचा. प्रवाहाची मर्यादा नेहमीच्या भारापेक्षा वर, पण ठिणगीच्या कमीत कमी प्रवाहापेक्षा चांगलीच खाली ठेवावी. साधारण भाराच्या दीड-दोन पट पुरते. ट्रान्सफॉर्मर चालू करतानाचा झटका किंवा मोठी मोटार सुरू होतानाचा प्रवाह ही मर्यादा ओलांडेल, पण त्या वेळी आत प्रकाश नसतो, तेव्हा भीती नाही.

एसीबीच्या पॅनलमध्ये एक जागा मात्र सांभाळावी लागते. व्हीसीबीतली ठिणगी निर्वात बाटलीत बंद असते, बाहेर दिसत नाही. एसीबी मात्र दोष तोडताना आर्क शूटमधून उजेड बाहेर टाकतो, आणि नेमका त्याच वेळी प्रवाहही वाढलेला असतो. म्हणजे दोन्ही खुणा जुळतात. बाहेरच्या फीडरचा दोष एसीबीने नीट तोडला, तरी समोरचा सेन्सर इनकमर पाडून सगळा कारखाना अंधारात घालेल. म्हणून आर्क शूटच्या तोंडाकडे पाहणारा सेन्सर बसवू नये. तो बसबार आणि केबलच्या कप्प्यांत असावा, आणि मधे आडोसा असावा.

कोणत्या उजेडाने कोणता ब्रेकर पाडायचा

सेन्सर बसवणे सोपे काम आहे. अवघड काम हे आहे, आणि निविदेत बहुधा तेच लिहायचे राहते. प्रत्येक कप्प्यासाठी कागदावर मांडून घ्या: इथे प्रकाश दिसला तर कोणकोणते ब्रेकर उघडले पाहिजेत?

बसबार चेंबर किंवा कोणत्याही ब्रेकरच्या कप्प्यात ठिणगी दिसली, तर त्या बसला वीज देणारे सगळे ब्रेकर आणि बसकपलर एकाच वेळी उघडायला हवेत. बस दोन भागांत असेल तर दुसऱ्या भागाला हात लावायचा नाही. आउटगोइंगच्या केबल कप्प्यात ठिणगी असेल तर त्या फीडरचा ब्रेकर पुरतो, बाकी गावांची वीज चालू राहू शकते.

इनकमरच्या केबल कप्प्यात ठिणगी पेटली, तर मात्र इनकमरचा ब्रेकर उघडून काहीही होत नाही. वीज त्याच्या अलीकडूनच येते आहे. तिथे ट्रान्सफॉर्मरच्या ३३ केव्ही बाजूचा ब्रेकर पाडावा लागतो, आणि त्यासाठी तिथपर्यंत वेगळी कंट्रोल केबल ओढावी लागते. नव्याने बसवलेल्या यंत्रणेतही हाच दुवा सुटलेला आढळतो. तुमच्या पॅनलमध्ये सर्वांत आधी हीच जागा तपासा. ट्रिप दिल्यानंतर शंभर-दीडशे मिलिसेकंदांनीही प्रवाह चालूच असेल, तर ब्रेकर अडकला असे समजून वरच्या ब्रेकरला आपोआप हुकूम जावा, हीही सोय मागून घ्या.

सहवीजनिर्मिती असलेल्या कारखान्यात हा तक्ता जास्त विचार करून बनवावा लागतो. हंगामात जनित्र आणि ग्रिड दोघेही ठिणगीला प्रवाह पुरवतात. तेव्हा जनित्राचा ब्रेकर आणि ग्रिडकडचा ब्रेकर दोन्ही पडले पाहिजेत आणि दोन्ही बाजूंच्या सीटीवरून प्रवाहाची खूण घेतली पाहिजे. जनित्राचा ब्रेकर उघडला तरी फिरते जनित्र त्याच्या अलीकडच्या केबलला वीज देतच राहते, म्हणून तिथल्या कप्प्यातल्या ठिणगीला जनित्राचे एक्सायटेशनही बंद करायला हवे. हंगाम संपल्यावर कारखाना फक्त ग्रिडवर, कधी कमी ताकदीच्या वाटेने, चालतो. तेव्हा ठिणगीचा प्रवाह कमी असतो. हंगामातला आकडा तेव्हाही पुरेसा खाली आहे का, हे पाहून ठेवा. दुरुस्तीच्या दिवसांतच माणसे पॅनलजवळ सर्वांत जास्त असतात, त्यामुळे या तपासणीला दुय्यम मानू नका.

उपकेंद्रांतही आता दुसरा स्रोत येतो आहे. २०१७ च्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून, आणि २०२३ पासून तिच्या दुसऱ्या टप्प्यातून, शेतीला दिवसा वीज देण्यासाठी सौर प्रकल्प उपकेंद्रांना जोडले जात आहेत. बिबट्यांच्या या तालुक्यांत रात्री मोटार चालू करायला शेतात जाणे म्हणजे काय, हे इथल्या शेतकऱ्यांना सांगायला नको. दिवसा वीज मिळणे ही त्यांच्या जिवाची गोष्ट आहे. तांत्रिक बाजू इतकीच, की सौर इन्व्हर्टर दोषाच्या वेळी त्याच्या नेहमीच्या प्रवाहाहून फारसा जास्त प्रवाह देत नाही. त्यामुळे सौर फीडरच्या सीटीवर प्रवाहाची खूण जुळेलच असा भरवसा नाही. तेव्हा प्रकाश त्या कप्प्यातला आणि प्रवाहाची खूण ट्रान्सफॉर्मरच्या इनकमरची, अशी जोडी करा, आणि ट्रिप मात्र सौर ब्रेकरलाही द्या.

सेन्सर काय करत नाही

विक्रेता हे सहसा सांगत नाही म्हणून मी सांगतो. पॅनलच्या आतला दाब पहिल्या दहा-वीस मिलिसेकंदांतच शिखर गाठतो. ब्रेकर तेव्हा उघडलेलाही नसतो. म्हणजे सेन्सरमुळे भाजणे आणि जळणे कितीतरी कमी होते, पण पहिला धक्का टळत नाही. तो पेलायचा पॅनलच्या बांधणीने. नवीन ११ किंवा ३३ केव्ही पॅनल घेताना आयईसी ६२२७१-२०० प्रमाणे अंतर्गत आर्कची चाचणी झालेला, आणि पुढून, बाजूंनी व मागून सुरक्षित ठरलेला पॅनल मागा. चाचणीचा अहवाल त्याच बांधणीचा आहे का ते पाहा. भोपाळ आणि बेंगळुरूच्या केंद्रीय विद्युत संशोधन संस्थेत उच्च दाबाच्या स्विचगिअरच्या चाचण्या होतात. पॅनलच्या छतावर दाब सोडणारी झाकणे असतात. त्यांच्यावर केबल ट्रे टाकू नका, छत फार ठेंगणे ठेवू नका. आणि दाराचे सगळे बोल्ट लावा. चार बोल्टांचे दार दोन बोल्टांवर चालवायची सवय आपल्याकडे फार जुनी आहे. असे दार त्या पहिल्या धक्क्यातच माणसाच्या अंगावर येते.

पहिला धक्काही टाळायचा असेल तर आर्क क्वेंचर नावाची यंत्रणा आहे. सेन्सरने खबर दिल्यावर ती काही मिलिसेकंदांत तिन्ही फेज स्वतःहून जमिनीला जोडते. वीज सोप्या वाटेने जाते आणि ठिणगी विझते. पण त्या वेळी ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यांवर शॉर्टसर्किटचा पुरता ताण येतो. ट्रान्सफॉर्मर जुना, दुरुस्त केलेला असेल तर हा निर्णय त्याच्या उत्पादकाला विचारल्याशिवाय घेऊ नये. आपल्या भागातल्या बहुतेक पॅनलना क्वेंचरची गरज नाही असे माझे मत आहे. तोच पैसा दोन-तीन पॅनलवर सेन्सर बसवायला लावला तर जास्त माणसे सुरक्षित होतील.

सेन्सरला ठिणगीचे आधीचे रूपही दिसत नाही. ढिल्या जोडाची हळूहळू वाढत जाणारी ऊब, ओल्या धुळीवरून रांगणारी गळती, इन्सुलेशनच्या पोकळीतले डिस्चार्ज या सगळ्यांचा उजेड फार मंद असतो. खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीला, जिच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या नारायणगावच्या परिसरात पसरल्या आहेत, विजेच्या तारांवरच्या अशाच बारीक ठिणग्यांचा उपद्रव होतो. ढिल्या जोडावरची ठिणगी रेडिओलहरी सोडते आणि त्या आकाशातून येणाऱ्या क्षीण संदेशांत मिसळतात. तिथले अभियंते अशा जागा शोधून त्या दुरुस्त व्हाव्यात म्हणून प्रयत्न करत आले आहेत. पॅनलसाठी आपल्याकडे याहून साधी साधने आहेत. भारावर असताना थर्मल कॅमेऱ्याने पाहणी करावी, अल्ट्रासोनिक डिटेक्टरने आवाज ऐकावा. आणि नाकही कामाला लावावे. पॅनलजवळ ओझोनचा तिखट वास आला तर तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

बसवताना आणि नंतर

जुन्या पॅनलमध्ये सेन्सर बसवता येतात, पण पत्र्याला भोके पाडण्याआधी मूळ उत्पादकाशी बोला. एबीबीचा नाशिकचा, सीमेन्सचा कळव्याचा असे स्विचगिअरचे कारखाने राज्यातच आहेत. तुमच्या पॅनलवरची नावाची पट्टी वाचून त्या त्या सेवा केंद्राकडून रेखाचित्रे मागवता येतात. काम पूर्ण शटडाऊन घेऊन, बस अर्थ करूनच होते, म्हणून हंगामानंतरचा काळ उत्तम. शीतगृहांनी माल कमी असलेले दिवस पाहावेत.

फायबर तीक्ष्ण कोपऱ्यावरून वळवू नये, बसबारला टेकू देऊ नये आणि बांधताना टाय इतका आवळू नये की काच चिरडेल. भिंगावर बगॅसची भुकटी बसली तर त्याची नजर कमी होते. पॅनल साफ करताना भिंगही मऊ कापडाने पुसावे. ब्लोअरपेक्षा व्हॅक्यूम क्लीनर बरा, कारण ब्लोअर धूळ एका कप्प्यातून दुसऱ्यात ढकलतो. फायबरची तार तुटली किंवा सेन्सर निघाला तर रिलेने स्वतःहून अलार्म द्यावा, ही सोय असलेलाच रिले घ्या.

आता चाचणी. कंत्राटदार टॉर्च मारून दाखवतो, रिलेवर दिवा लागतो, आपण सही करतो. हे पुरेसे नाही. सीटीच्या दुय्यम बाजूने चाचणी संचाने प्रवाह सोडा, त्याच वेळी सेन्सरसमोर शक्तिशाली फ्लॅश मारा, आणि ब्रेकर प्रत्यक्षात उघडू द्या. एकेका सेन्सरसाठी हे करा. क्रमांक तीनच्या कप्प्यात फ्लॅश मारला आणि पडद्यावर क्रमांक पाच दिसला, तर वायरिंगची गफलत तिथेच सापडते. हुकूम मिळाल्यापासून ब्रेकर उघडेपर्यंतचा वेळ टायमरने मोजा. पंधरा-वीस वर्षांचा, वंगण सुकलेला व्हीसीबी ६० ऐवजी १२० मिलिसेकंद घेऊ शकतो. मग महागड्या सेन्सरने वाचवलेले मिलिसेकंद यांत्रिक भागातच खर्ची पडतात.

आणि बॅटरी. रिले जागा आहे, सेन्सर स्वच्छ आहे, सेटिंग अचूक आहे, पण ट्रिप कॉइलला ताकद देणारी डीसी बॅटरी मेलेली असेल तर यातले काहीच उपयोगाचे नाही. शॉर्टसर्किटमध्ये बसचा व्होल्टेज कोसळतो, चार्जरकडून त्या क्षणी काही मिळत नाही, सगळा भार बॅटरीवरच असतो. चार्जरवरचा व्होल्टमीटर नीट आकडा दाखवतो म्हणून बॅटरी ठीक आहे असे समजू नका. चार्जर बंद करून, फक्त बॅटरीवर ब्रेकर ट्रिप करून पाहा. ट्रिप कॉइल अखंड आहे का हे सतत पाहणारा सुपरव्हिजन रिलेही हवाच. माझ्या मते एखाद्या संस्थेकडे पैसा अपुरा असेल, तर आधी बॅटरी आणि ब्रेकर दुरुस्त करावेत, सेन्सर पुढच्या वर्षी घ्यावेत. उलटा क्रम लावला तर सुरक्षेचा नुसता भास होतो.

समोरचा माणूस

सेन्सर आले म्हणून माणसाने नियम सैल करायचे नाहीत. पहिला नियम तोच: जिथे काम करायचे तिथली वीज बंद, परत चालू होणार नाही असे कुलूप, वीज नाही याची टेस्टरने खात्री, मग अर्थिंग, आणि मगच हात. ब्रेकर रॅक करायचाच असेल तर आधी तो उघडा आहे याची खात्री, दार बंद ठेवून रॅक करता येत असेल तर दार बंद, आणि शक्य तिथे दूरवरून चालणारी मोटार. मेंटेनन्स मोडची किल्ली असलेला रिले घेतला, तर माणूस पॅनलजवळ असताना फक्त प्रकाशावरही ट्रिप घेता येतो. अशा वेळी चुकून वीज गेली तरी चालेल, उशीर चालणार नाही.

ब्रेकर लावताना पॅनलच्या अगदी समोर न उभे राहता बाजूला उभे राहावे, चेहरा वळवावा. टेरिलीनचा शर्ट नको, तो वितळून अंगाला चिकटतो. जाड सुती कपडे त्याहून बरे, पण खरे संरक्षण आर्क-रेटेड सूट आणि चेहऱ्यावरच्या ढालीचेच. त्यांच्यावर कॅलरीचा आकडा लिहिलेला असतो. उघड्या त्वचेवर दर चौरस सेंटिमीटरला १.२ कॅलरी पडली की दुसऱ्या दर्जाचे भाजणे सुरू होते. सूट ८ कॅलरीचा हवा की ४० चा, हे अंदाजाने ठरवू नये. आयट्रिपलई १५८४ या मार्गदर्शिकेच्या २०१८ च्या आवृत्तीप्रमाणे हिशेब करून तो आकडा प्रत्येक पॅनलवर चिकटवावा. सेन्सर लागल्यावर हा आकडा उतरतो आणि हलका सूट पुरतो. उन्हाळ्यात पॅनल रूममध्ये जड सूट घालून काम करणाऱ्याला याचा अर्थ लगेच कळेल. रबरी हातमोजे शॉकपासून वाचवतात, आर्क फ्लॅशपासून नाही, हेही आपल्या माणसांना स्पष्ट सांगा.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा विनियम २०२३ मध्ये नव्याने आले आहेत. ते इलेक्ट्रिकल विभागाच्या टेबलावर असावेत. विद्युत अपघात झाला तर विद्युत कायदा २००३ च्या कलम १६१ नुसार विद्युत निरीक्षकांना कळवणे बंधनकारक आहे. पॅनल फुटला पण कोणाला लागले नाही, अशी घटनाही निदान आपल्या वहीत तरी नोंदवा आणि कारण शोधा. नवे पॅनल आल्यावर निरीक्षकांची तपासणी होते, तेव्हा वर सांगितलेला ट्रिपचा तक्ता त्यांच्यासमोर ठेवून त्यांचेही मत घ्या.

संचालक मंडळाच्या बैठकीत या खर्चाला मंजुरी मागताना विद्युत अभियंत्याला अडचण येते, कारण सेन्सरमुळे उतारा वाढत नाही आणि गाळपही वाढत नाही. संचालकांना मी एवढेच विचारू इच्छितो: ऐन हंगामात मेन पॅनल जळला, तर नवा येईपर्यंत गव्हाणीत उभ्या असलेल्या उसाचे आणि तोड होऊन वाळत पडलेल्या उसाचे काय होईल, आणि त्या वेळी पॅनलसमोर असलेल्या ऑपरेटरच्या घरी काय सांगाल? हा प्रश्न ठरावाच्या टिपणीत लिहूनच मंडळासमोर ठेवा.

बॉयलर अग्निप्रदीपनाला अजून अवकाश आहे. तोवर तीन गोष्टी करून घ्या. इनकमरच्या केबल कप्प्यातल्या ठिणगीला कोणता ब्रेकर पडतो ते कागदावर शोधा, चार्जर बंद ठेवून बॅटरीवर तो ब्रेकर पाडून पाहा, आणि उघडायला लागलेले मिलिसेकंद तारखेसह पॅनलच्या दारावर लिहून ठेवा.